पास्कूदादाची म्हातारी आणि नवरी

पास्कूदादानं माझ्या दुकानात येताना कधी नमस्कार केला नाही. तो पायरीवर थांबायचा, मान वाकडी करून आभाळाकडे बघायचा, मग दारातून नुसतं डोकं आत घालून विचारायचा, "शेट, ऊन हाय ना?"

आता गंमत बघा. उन्हातून आलेला तो. शर्ट पाठीला चिकटलेला, टक्कल तापलेलं. मी आत ट्यूबलाइटखाली बसलेला. तरी ऊन आहे की नाही हे मी त्याला सांगायचं. मीही काउंटरमागून उठायचो, दारात यायचो, डोळ्यांवर हात धरून वर बघायचो आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगायचो, "आहे, दादा." एवढं झालं की तो चपला काढून आत यायचा.

भाईंदर पश्चिमेला माझी फोटोची लॅब आहे. एकेकाळी लग्नसराईत इथे रोल धुवायला रांग लागायची. आता मी पासपोर्टचे फोटो काढतो, आधार कार्डं प्लॅस्टिकमध्ये घालतो आणि कॉफीच्या मगांवर लोकांचे कुत्रे छापतो. रोल धुणं मात्र बंद केलं नाही. हल्ली काही हौशी मंडळींना पुन्हा फिल्म कॅमेऱ्याचं वेड लागलंय, त्यांचे रोल येतात. पण त्यांच्या आधीच्या कोरड्या वर्षांत माझ्याकडे नेमानं रोल आणणारा माणूस एकच होता. उत्तनकडच्या तारोडी गावचा पास्कोल. आम्हा सगळ्यांचा पास्कूदादा.

तो फोटोग्राफर कसा झाला, असं मी एकदा विचारलं. त्यानं एका वाक्यात चरित्र सांगून टाकलं. "बोटीवर ओकारी यायची."

बापाची बोट, काकाची बोट, आणि हा पोरगा बंदराला बांधलेल्या बोटीतसुद्धा पिवळा पडायचा. शेवटी घरच्यांनी त्याला जमिनीवरचं काहीतरी बघ म्हणून सांगितलं. त्यानं कॅमेरा बघितला.

कॅमेरा डोळ्याला लावायचा तर दुसरा डोळा मिटावा लागतो. पास्कूदादानं डावा डोळा इतकी वर्षं मिटला की पुढे तो आपणहून मिटायला लागला. कुणाकडे जरा निरखून बघितलं की डावा डोळा बंद. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना नव्हतं. एका लग्नात नवरीच्या मावशीनं आपल्या यजमानांकडे तक्रार केली की हा फोटोग्राफर मला डोळा मारतोय. यजमान बाह्या सरसावत आले. कोण आलंय म्हणून पास्कूदादानं त्यांच्याकडे निरखून बघितलं. डावा डोळा मिटला. यजमान आल्या पावली परत गेले आणि बायकोला म्हणाले, "तो मलाही मारतोय. आपण जेवून घेऊ."

त्याचा कॅमेरा जुना, दगडासारखा जड, एकही सेल न लागणारा. त्यावरची लेन्सही तशीच, पितळ आणि काच. आता इथे मला थोडं मास्तर व्हावं लागेल, पण लगेच संपवतो. प्रत्येक लेन्सच्या आत मांजराच्या डोळ्यासारखी एक बाहुली असते. ऊन कडक असेल तर ती लहान करायची, अंधार असेल तर मोठी. जुन्या लेन्सवर त्यासाठी एक कडं असतं, ते हातानं फिरवायचं. पास्कूदादाचा अंगठा ते कडं न बघता फिरवायचा. जमिनीवरच्या सावलीची कड किती धारदार आहे ते बघायचं आणि अंगठा हलवायचा. गप्पा मारतानाही अंगठा हलत असायचा, जपमाळ ओढल्यासारखा.

आमच्या खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी धरते. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. त्यावर पास्कूदादाचे दोन उपाय होते. पहिला म्हणजे लेन्स स्टीलच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतो, असं त्याचं म्हणणं. एकदा पाहुण्यांच्या गर्दीत त्याच्या आईला तांदूळ कमी पडला. तिनं तो डबा उपसला, लेन्स काढून लसणाच्या टोपलीत ठेवली आणि भात लावला. पाहुणे म्हणाले, भात मोकळा झालाय. पास्कूदादा जेवला नाही.

दुसरा उपाय रविवारचा. चर्चमधली मिस्सा आटोपली की घरी येऊन लेन्स सुपात ठेवायची आणि सूप ओट्यावर उन्हात. उन्हानं बुरशी मरते. सावली सरकली की सूप सरकवायचं. एकदा पाद्री रस्त्यानं चालले होते. म्हणाले, "पास्कू, मिस्सा संपायच्या आधी तू पळालास." हा म्हणाला, "फादर, देवाला चोवीस तास हायत. हिला बारापर्यंतच ऊन हाय."

या सगळ्या उन्हाच्या नादामुळे त्याला फ्लॅशचा भयंकर राग. "माणसाच्या तोंडावर टॉर्च मारून चोर कोण ते बघायचं, तसला धंदा," असं तो म्हणायचा. लग्न कितीही थाटाचं असो, हॉलमध्ये कितीही दिवे असोत, हा भर बारा वाजता नवरा-नवरीला बाहेर काढणार आणि बोंबील वाळत घालायच्या मोकळ्या मैदानात उभं करणार. समोर सूर्य. परिणाम असा की उत्तनच्या त्या सगळ्या पट्ट्यात घराघरांतून भिंतीवर नवरा-नवरी डोळे बारीक करून उभे आहेत. परक्या माणसाला वाटावं, दोघांनाही एकमेकांबद्दल शंका आहे.

मुर्ध्याच्या एका पाटलांनी जुन्या मिठागराजवळ बंगला बांधला आणि वास्तुशांतीला संध्याकाळी पास्कूदादाला बोलावलं. बंगल्यावर दिव्यांच्या माळा सोडलेल्या. पास्कूदादानं पोटभर जेवण केलं, बंगल्याला एक चक्कर मारली आणि पाटलांना म्हणाला, "उद्या बाराला येतो."

पाटील म्हणाले, "अहो, लायटिंगचे फोटो पायजेत. दुपारी लायटिंग दिसंल का?"

"लायटिंग न्हाय दिसणार," पास्कूदादा म्हणाला. "बंगला दिसंल. बंगला तुमचा, लायटिंग भाड्याचं."

पाटलांना ते पटलं, हे मला आजही पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी बाराला पाटील कोट घालून घामाघूम उभे होते, हे मी निगेटिव्हवर पाहिलंय.

एवढ्या लोकांचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र एका फोटोवरून कायमचं भांडण होतं. पास्कूदादाची आई, कातरीन आय, नव्वदीला आलेली, अजून ताठ. तिची चार मुलं. थोरला पास्कू, तो लग्न न करता तिच्याजवळ राहिला. दुसरा बस्त्याव मस्कतला. तिसरा इनास कॅनडात. आणि मुलगी मोनी, ती वसईला दिलेली. चौघं एकत्र यायची कधीतरी, आणि आली की फोटो व्हायचा. पण कॅमेऱ्याला पास्कू दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आपोआप फोटो काढणारा टायमर कॅमेऱ्याला होता, पण तो खाऱ्या हवेनं कधीचाच अडकून बसलेला. म्हणजे प्रत्येक फोटोत आय, बस्त्याव, इनास आणि मोनी. पास्कू कॅमेऱ्याच्या मागे.

आय येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवरचे फोटो दाखवून म्हणायची, "बगा. माजे पोरगे दोन हायत की तीन, यावरून सांगा."

पास्कूदादा घरात असला तर खालमानेनं ओट्यावर जाऊन बसायचा.

तिच्या नव्वदीला चौघं येणार असं ठरलं, तेव्हा आयनं हुकूम काढला. मिस्सा नको म्हटलं तरी चालंल, केक नको म्हटलं तरी चालंल, पण चारी पोरांबरोबर एक फोटो पायजे. "आनि तोंडं दिसली पायजेत. मागच्या येळेला इनास ढगात उभा होता."

तो ढग म्हणजे लेन्समधली बुरशी. उन्हाच्या सुपाला न जुमानता ती आत शिरली होती. लेन्सच्या मध्यावर सगळं ठीक, पण कडेला उभ्या माणसाच्या डोक्याभोवती धुकं. पास्कूदादा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडून टायमरच्या मागे लागला, आणि ती दांडी महिनाभरानं घुर्र करून फिरली. पण बुरशीचं काय?

बस्त्यावनं त्याचं उत्तर मस्कतहून पाठवलं. ओळखीच्या माणसाबरोबर एक नवी कोरी लेन्स आली. काळी, चकचकीत, हलकी. पास्कूदादा ती माझ्याकडे घेऊन आला तेव्हा ऊन आहे का हे विचारायलाही विसरला. जुनी लेन्स तांदळाच्या डब्यातून काढली, नवी मखमली पिशवीतून. दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी.

"ही म्हातारी," तो म्हणाला, "आनि ही नवरी."

नवरी जुन्या कॅमेऱ्यावर टक् करून बसली. त्याच कंपनीची होती, त्यामुळे खाच तीच. आतून बघितलं तर सगळं लख्ख. फक्त एक गोष्ट. पास्कूदादाचा अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथे काहीच नव्हतं. कडं नाही.

"बाहुली कशी फिरवायची?" मी विचारलं.

"बस्त्याव बोलला, आटोमॅटिक हाय. आपली आपण बगते."

"स्वतःच?"

"मस्कतची हाय," तो म्हणाला.

तरी त्यानं नुसता विश्वास टाकला नाही. भर दुपारी बंदरात जाऊन त्यानं एक अख्खा रोल काढला. एक फोटो म्हातारीनं, तोच फोटो नवरीनं. बोट, मांजर, जाळं विणणारा शेजारी, पुन्हा मांजर. मी रोल धुतला आणि सगळे फोटो जोडीजोडीनं मांडले. पास्कूदादा दोन तास खुर्चीवर बसून ते बघत होता. डावा डोळा मिटून.

म्हातारीच्या फोटोत शेजारी देवमाणूस दिसत होता. नवरीच्या फोटोत त्याच शेजाऱ्यानं सकाळी दाढी करताना कुठे कुठे कापून घेतलं ते मोजता येत होतं.

"म्हातारीला कमी दिसतं," पास्कूदादा शेवटी म्हणाला, "म्हनून ती कोनाला नावं ठेवत न्हाय. नवरीला सगलं दिसतं." मग माझ्याकडे बघून, "शेट, तुमी सांगा."

"दादा, मी लॅबवाला. लोकांच्या संसारात पडत नाही."

तारोडीत मात्र सगळे पडले. दोन तट झाले. म्हाताऱ्या बायका एकजात म्हातारीच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं, सुरकुत्या मोजायला आम्ही फोटो काढतो का. तरुण मंडळी नवरीच्या बाजूनं. मासळी विकायला बसणाऱ्या बायका पास्कूदादाला रस्त्यात अडवून विचारायच्या, "काय रे पास्कू, नवरी नांदते का?" बस्त्यावचा फोन यायचा, "दादा, लेन्स वापर हां. शोभेला नाय पाठवली." आणि आय आतून ओरडायची, "कंची बी लाव. माज्या पोरांची तोंडं दिसू देत."

शेवटी तोंडांचाच विचार करून त्यानं नवरी निवडली. दोन्ही लेन्सनी एकेक फोटो का काढत नाहीस, असं मी सुचवून बघितलं. तो दुखावला. "एका लग्नाला दोन नवऱ्या कशा उभ्या करायच्या?" म्हणाला. मन डळमळू नये म्हणून त्या दिवशी म्हातारीला त्यानं डब्यात, तांदळात, झाकण घट्ट लावून घरीच ठेवलं.

वाढदिवस जानेवारीतला. मला जेवणाचं आमंत्रण होतं, आणि काम होतं तिपाई धरायचं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली. पास्कूदादानं आयचे आत फोटो काढले, शटर जरा मंद करून. बाकी नवरी बघेल. बाहेर आल्यावर मोठी सभा भरली. बस्त्याव आणि इनास म्हणाले, सगळ्यांचा फोटो संध्याकाळी हॉलमध्ये घेऊ. स्टेज आहे, फुगे आहेत, केक आहे, एसी आहे. इनासनं खास कॅनडाहून कोट आणला होता आणि तो उन्हात घालायचा नव्हता.

"बारा वाजता," पास्कूदादा म्हणाला. "मैदानात."

"दादा, तू तीच तीच गोष्ट करतोस," बस्त्याव म्हणाला. "आता लेन्स नवीन आहे ना? मग पद्धत पण नवीन कर की."

"लेन्स नवीन हाय. सूर्य जुनाच हाय."

"आय नव्वद वर्षांची आहे, तिला उन्हात बसवणार तू?"

आय लाल लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "नव्वद वरसं कुटं बसलीये मी? उन्हातच बसलीये. उचला माजी खुर्ची."

खुर्ची उचलली गेली. आयसकट.

ते दृश्य मला जन्मभर पुरेल. मागे बांबूंवर ओळीनं बोंबील लटकलेले, त्यामागे बोटी, पुढे आय, तिच्या एका बाजूला मोनी, दुसऱ्या बाजूला घामानं निथळणारा कोटधारी इनास आणि बस्त्याव, आणि आय-मोनीच्या मध्ये एक रिकामी जागा. मी तिपाई धरून. पास्कूदादानं टायमरची दांडी फिरवली. घुर्र आवाज सुरू झाला. आणि हा गृहस्थ वाळूतून धावत सुटला.

पहिल्या वेळी तो निम्म्यावर असतानाच खटका पडला. दुसऱ्या वेळी पोचला, पण पोचल्यावर सवयीनं वळून आभाळ बघत राहिला. तिसऱ्या वेळी त्याची एक चप्पल वाळूत रुतून मागे राहिली, तो लंगडी घालत पोचला, आयनं त्याचं मनगट धरून त्याला खाली ओढलं आणि ती म्हणाली, "बस आता, हलू नको." तेवढ्यात खटका पडला. सगळे हसत होते. मी सुद्धा. तिपाई हलली नाही, एवढं माझं कर्तृत्व.

संध्याकाळी हॉलमध्ये केकचे फोटो झाले आणि रोल संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्याव आणि इनासची विमानं होती. ते गेले, मोनी वसईला गेली, आणि त्यानंतरच्या दिवशी पास्कूदादा कॅमेरा आणि रोल घेऊन माझ्या दारात उभा. "शेट, ऊन हाय ना?" फार खुशीत होता. आयनं घरात भिंतीवर खिळाही मारून घेतला होता.

दुकानात त्या वेळी शबाना डॉक्टर बसल्या होत्या. नया नगरमध्ये त्यांचा दातांचा दवाखाना. फिल्मचं वेड लागलेल्यांपैकी एक. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतात, त्यामुळे काहीही समोर आलं की आधी त्याच्या आत बघतात. काउंटरवरचा कॅमेरा त्यांनी उचलला, उलटा केला, लेन्सवरून बोट फिरवलं.

"अंकल, इसमें रिंग किधर है?"

"आटोमॅटिक है," पास्कूदादा म्हणाला. "मस्कत का है."

"वो तो ठीक है, लेकिन ये कॅमेरा तो पुराना है ना." त्यांनी लेन्स काढली आणि मागची बाजू आम्हाला दाखवली. ही लेन्स आपली बाहुली स्वतः फिरवत नाही, नवा कॅमेरा तिला आतून सांगतो की इतकी उघड, इतकी मिट. या कॅमेऱ्याला ती भाषा येत नाही. त्यामुळे बघताना सगळं लख्ख दिसतं, पण खटका दाबला की बाहुली पूर्ण मिटते. सुईच्या टोकाएवढं भोक उरतं. प्रत्येक फोटोला तेवढंच. "अंदर के फोटो तो पूरे काले आएंगे, अंकल. कुछ इम्पॉर्टंट था क्या?"

पास्कूदादा खुर्चीवर बसला. त्याचा अंगठा लेन्सवर गेला, तिथे नसलेलं कडं फिरवायला लागला. बोट हलली की पिवळा पडायचा म्हणतात ना, तसा तो माझ्या दुकानात, फरशीवर चारी पाय रोवलेल्या खुर्चीत पिवळा पडला.

"आयनं खिला मारलाय," एवढंच म्हणाला.

शबाना डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी रोल उचलला आणि आत गेलो.

रोल धुताना बोलण्यासारखं काही नसतं. अंधारात तो डबीतून काढायचा, टाकीत घालायचा, औषध ओतायचं, हलवायचं, ओतून टाकायचं, दुसरं औषध. हे मी आयुष्यभर केलंय. त्या दिवशी औषधाची प्रत्येक बाटली दोनदा वाचून बघितली. बाहेरून दोघांचा आवाज येत होता. शबाना डॉक्टर त्याला विचारत होत्या, "टेस्ट किया था ना आपने? टेस्ट कैसे अच्छा आया?" आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "मालूम नहीं. धूप में लिया था. धूप में लिया था."

मी टाकी उघडली आणि ओली पट्टी दिव्यासमोर धरली.

पहिली चौकट कोरी. दुसरी कोरी. तिसरी कोरी. चर्चमधलं सगळं काचेसारखं पारदर्शक, म्हणजे फोटोत ठार काळोख. मी पट्टी पुढे सरकवली.

आणि मग ऊन आलं.

मला दुसरा शब्द सुचत नाही. त्या पट्टीवर एकाएकी ऊन आलं. खुर्ची, लुगडं, बोंबलांच्या ओळी, बोटी. तीन चौकटी, तिन्ही भरघोस, जशा हव्यात तशा. त्यानंतर पुन्हा हॉल आणि केक, पुन्हा कोरं.

मी पट्टी तशीच ठिबकत बाहेर आणली. मग मी दारात गेलो, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं म्हणालो, "ऊन आहे, दादा."

तो लगेच समजला नाही. शबाना डॉक्टर समजल्या. टाळी वाजवून म्हणाल्या, "बारा बजे का था ना? बारा बजे की धूप में उतना छेद काफी है." भर दुपारच्या त्या कडक उन्हाला सुईच्या टोकाएवढं भोक पुरलं होतं. टेस्टचा रोलही त्यानं नेहमीसारखा दुपारीच काढला होता, म्हणून तोही उत्तम आला होता. जो हट्ट लोकांनी आयुष्यभर सहन केला, त्यानंच आधी नवरीची खोड झाकली आणि त्यानंच नंतर तिची लाज राखली.

आणि छापून झाल्यावर आणखी एक गंमत कळली. बाहुली जितकी बारीक, तितकं जवळचं आणि लांबचं सगळं एकदम स्पष्ट येतं. म्हातारीनं काढला असता तर पुढची आय नीट आली असती आणि मागचं विरघळलं असतं. इथे आयच्या लुगड्याचे काठ स्पष्ट, इनासचा घाम स्पष्ट, मागच्या बोटीवर बसलेला कावळा स्पष्ट. वाळूत एकटी पडलेली चप्पलसुद्धा स्पष्ट. आणि आयनं मनगट धरून खाली ओढलेला, तोंड उघडं टाकून हसणारा, दोन्ही डोळे सताड उघडे असलेला पास्कूदादा. त्याचे दोन्ही डोळे एका वेळी उघडे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पास्कूदादानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी एवढा बारीक हाय?"

खिळ्यावर फोटो लागला. आय आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "तीन हायत." मला मात्र तिनं एकट्यात गाठून विचारलं, "केकचे फोटो कुटं हायत?" मी म्हणालो, "आय, लाइट गेली होती." तिनं डावा डोळा बारीक करून माझ्याकडे असं बघितलं की पास्कूदादाचा डोळा कुणावर गेलाय ते मला कळलं.

पुढे बस्त्यावचा मान राखायला आणि म्हातारीचा हक्क राखायला त्यानं नियमच करून टाकला. दुपारी बाराला नवरी, बाकी सगळा दिवस म्हातारी. रविवारी सुपात दोघी.

यंदा मोनीनं आईला आणि भावाला वसईला आपल्याकडे नेलं. आयचे गुडघे आता गावातला चढ चढेनात, आणि मोनीचं घर तळमजल्यावर, पुढे मोठं अंगण. ते दोघं भाईंदरहून फेरीबोटीनं जाणार होते, म्हणून मी जेट्टीवर निरोप द्यायला गेलो. पास्कूदादा बोटीकडे संशयानं बघत होता.

"खाडी आहे, दादा," मी म्हणालो. "समुद्र नाही."

"हलते तर हाय," तो म्हणाला.

आय आधीच आत जाऊन बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला फोटो, पायाशी तांदळाचा डबा. बोट सुटली. पास्कूदादा कठड्याला धरून उभा होता, जरासा पिवळा, पण उभा. थोडं पाणी मध्ये आल्यावर त्यानं गळ्यातला कॅमेरा उचलून माझ्याकडे रोखला. तेवढ्यात एक ढग आडवा आला. त्यानं कॅमेरा खाली घेतला, मान वाकडी करून वर बघितलं आणि थांबला. बोट लांब जात होती. मी जेट्टीवर फोटोसाठी ताठ उभा, पोट आत घेऊन. लोक बघत होते. ढग सरकला तेव्हा पास्कूदादा करंगळीएवढा दिसत होता. त्यानं पुन्हा कॅमेरा वर केला, एवढं मला दिसलं. कॅमेऱ्यावर कोणती लेन्स होती, ते दिसलं नाही.

तो रोल अजून धुवायला आलेला नाही. पण दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन कडक होतं, तेव्हा मला काळजी नाही.